आधी परतफेड, मग गोदास्नान

वाचकांचे प्रश्न : कर्म, प्रायश्चित्त आणि साधना

२०२६-२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची तयारी नाशिक शहरात दिसू लागली, तशी आमच्याकडे येणारी पत्रेही बदलली. व्रतांच्या तिथी आणि उपवासाला काय चालते, हे नेहमीचे प्रश्न मागे पडले. 'केलेले कसे फिटेल?' हा एकच प्रश्न अनेकांनी आपापल्या शब्दांत विचारला आहे. त्यांतली काही पत्रे येथे घेतली आहेत. नावे मुद्दाम गाळली आहेत.

रामकुंडात स्नान केले की पाप जाते, हे आजीपासून ऐकत आलो. सिंहस्थात तर जन्मोजन्मीचे धुतले जाते म्हणतात. मग वर्षभर कसेही वागावे आणि एक बुडी मारावी, इतके हे सोपे आहे का? (पंचवटी)

हाच प्रश्न भागवताच्या सहाव्या स्कंधात परीक्षिताने शुकाचार्यांना विचारला आहे. माणूस प्रायश्चित्त घेतो आणि पुन्हा तेच करतो, मग हे 'कुंजरशौच' नाही का? कुंजरशौच म्हणजे हत्तीची अंघोळ. हत्ती नदीतून स्वच्छ होऊन बाहेर येतो आणि काठावरची धूळ सोंडेने पुन्हा अंगावर उडवून घेतो. शुकाचार्य ही शंका झटकून टाकत नाहीत. कर्माने कर्माचा समूळ नाश होत नाही, खरे प्रायश्चित्त म्हणजे 'विमर्शन', असे ते सांगतात. आपण हे का केले, याचा तळापर्यंत जाऊन केलेला विचार म्हणजे विमर्शन.

मग तीर्थस्नान व्यर्थ का? मुळीच नाही. मात्र त्याचे फळ कोणाला, हे महाभारताच्या वनपर्वात स्पष्ट सांगितले आहे: ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहे, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. स्नानाच्या संकल्पात गुरुजी आपल्याकडून 'ममोपात्तदुरितक्षयद्वारा श्रीपरमेश्वरप्रीत्यर्थं' असे म्हणवून घेतात. 'मी जोडलेल्या दुरिताचा क्षय व्हावा' असे आपण मोठ्याने बोलतो. ते दुरित कोणते, हे त्या क्षणी मनात नाव घेण्याइतके ठाऊक नसेल, तर संकल्प नुसता तोंडचा राहतो. म्हणून आदल्या रात्री कागदावर एकच गोष्ट लिहा, जिचा क्षय व्हावा असे खरोखर वाटते. दहा नकोत, एक पुरे.

विधी असा. अंग धुण्याची अंघोळ घरी करून निघावे. तीर्थात साबण, चूळ, कपडे धुणे वर्ज्य आहे, कारण मलस्नान वेगळे आणि तीर्थस्नान वेगळे. बेंबीइतक्या पाण्यात उभे राहावे. वाहत्या पाण्यात प्रवाहाकडे तोंड करावे, साचलेल्या पाण्यात सूर्याकडे. आचमन, संकल्प, मग अघमर्षण. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 'ऋतं च सत्यं च' हे तीन ऋचांचे छोटे सूक्त त्यासाठी आहे. 'अघ' म्हणजे पाप, 'मर्षण' म्हणजे पुसून टाकणे. ते तीनदा म्हणावे, तीन बुड्या घ्याव्यात, सूर्याला अर्घ्य द्यावे. येत नसेल तर बळेच पुटपुटू नका. गोदावरीचे नाव घेऊन शांतपणे तीन बुड्या घ्या. चूक बहुधा पुढे होते. काठावर येताच मोबाइल हातात येतो, गर्दीत कोणाशी तरी वाद होतो, आणि हत्तीची धूळ पायऱ्यांवरच अंगावर येते. स्नानानंतर निदान एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, मौन ठेवा.

कुंडाजवळच्या कपालेश्वराची कथा आपल्याला माहीत असेलच. ब्रह्महत्येच्या दोषाने भटकणाऱ्या शंकराला शुद्धीचे हे ठिकाण एका वासराने दाखवले. ते वासरू म्हणजे नंदी. शुद्ध झाल्यावर शंकराने त्याला गुरू मानले, म्हणून या देवळात पिंडीपुढे नंदी नाही. या कथेत स्नानाइतकेच महत्त्व स्नानानंतरच्या वागण्याला आहे. जो एरवी वाहन म्हणून समोर बसायचा, त्याच्याशी असलेले नातेच शंकराने बदलले.

नोकरीत असताना बिले पुढे सरकवण्यासाठी पैसे घेतले. वरचेही घेत होते, सगळेच घेत होते. आता निवृत्त आहे. सत्यनारायण, अन्नदान सगळे चालू आहे, पण रात्री झोप लागत नाही. कोणते प्रायश्चित्त घ्यावे? (सिडको)

आपण हे लिहिलेत, येथेच सुरुवात झाली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पाप सुटण्याचे मार्ग सांगताना पहिला शब्द 'ख्यापन' आहे, म्हणजे उघड सांगणे. त्यामागोमाग अनुताप, तप आणि अध्ययन येते. दान शेवटी आहे, आणि तेही 'आपदि', इतर काही शक्य नसेल तेव्हा. आपण शेवटच्या पायरीवरून सुरुवात केली आहे, म्हणून मन शांत होत नाही.

त्याच अध्यायात चोरीचे प्रायश्चित्त सांगताना 'तन्निर्यात्य' असा शब्द आला आहे. 'ते परत करून' मग सांतपन कृच्छ्र, म्हणजे एक कडक उपवासव्रत, करावे. हा छोटासा शब्द पुष्कळदा वाचायचा राहून जातो. घेतलेले घरात ठेवून केलेला उपवास हा नुसता उपवास.

'सगळेच घेत होते' या वाक्याचा निकाल योगसूत्रांनी लावला आहे. दुसऱ्या पादात पतंजली हिंसादी दोषांचे तीन प्रकार सांगतात: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि दुसरा करत असताना मान डोलावलेले. प्रत्येकामागे लोभ, क्रोध किंवा मोह. प्रत्येक सौम्य, मध्यम किंवा तीव्र. व्यासभाष्य हिशेब मांडते, तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस प्रकार. वरिष्ठांचा वाटा त्यांचा. त्यामुळे आपला कमी होत नाही, आणि त्यांचा आपल्या डोक्यावरही येत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे. एक वही घ्या. वर्ष, काम, अंदाजे रक्कम आणि कोणाचे नुकसान झाले, अशी चार घरे पाडा. आकडा नक्की आठवत नसेल तर जास्तीचा धरा. व्याजाबद्दल आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम आहे: एका वेळी व्याज मुद्दलाच्या वर जात नाही. तो येथे उलटा वापरावा, म्हणजे जास्तीत जास्त दुप्पट परत करायचे हे धरून चालावे आणि ऐपतीप्रमाणे हप्ते पाडावेत. ज्याच्याकडून घेतले तो सापडत असेल तर त्याला; तो नसेल तर वारसांना. पैसा सार्वजनिक कामातून निघाला असेल, म्हणजे निकृष्ट रस्ता, कमी भरलेले काँक्रीट, तर नुकसान त्या वस्तीचे झाले. तिथल्या शाळेला, पाण्याच्या सोयीला द्या. पाटीवर नाव नको आणि आयकरात सवलतही नको. नाव आले की ते दान झाले, परतफेड राहिली नाही.

कोणाला सांगावे? स्मृतिकार याज्ञवल्क्य येथे फार समंजस आहेत. ज्याचा दोष जगजाहीर आहे त्याने परिषदेच्या, म्हणजे जाणत्यांच्या सभेच्या, संमतीने व्रत करावे, ज्याचा दोष प्रकट नाही त्याने 'रहस्य' प्रायश्चित्त, म्हणजे एकांतात, करावे. तेव्हा चौकात जाऊन ओरडण्याची गरज नाही. पण एका तरी माणसाला सांगा, जो 'जाऊ द्या हो, कोण नाही घेत' असे म्हणणार नाही. कायद्याची बाजू असेल तर आधी वकिलाशी बोला. शिक्षा भोगावी लागली तर तीही शुद्धीच आहे, कारण राजाने दंड केलेला अपराधी निर्मळ होतो, असे मनूच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे.

हे चालू झाल्यावर व्रत. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचे असते: तीन दिवस फक्त सकाळी जेवण, तीन दिवस फक्त संध्याकाळी, तीन दिवस न मागता जे समोर येईल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस उपवास. वयामुळे हे झेपणार नसेल तर प्रत्याम्नाय, म्हणजे पर्याय, आहेत: दहा हजार गायत्री जप, किंवा बारा जणांना जेवण, किंवा गोदान. गायत्रीची एक माळ सावकाश केली तर सतरा-अठरा मिनिटे लागतात. माळेत मणी १०८ असले तरी हिशेबात शंभरच धरायचे. रोज तीन माळा केल्या तर चौतीस दिवसांत दहा हजार पुरे होतात.

एक कठीण गोष्ट आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. अज्ञानाने घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, जाणूनबुजून केलेल्याचे प्रायश्चित्त घेणारा 'व्यवहार्य' होतो, असे याज्ञवल्क्य म्हणतात. म्हणजे लोकांत ताठ मानेने बसण्यास तो पात्र होतो. उरलेले भोगावे लागेल तर भोगण्याची तयारी ठेवावी. आमच्या मते झोप परत यायला एवढे पुरेसे आहे.

आयुष्यभर कोणाला फसवले नाही, तरी ऐन काढणीत अवकाळीने बाग गेली. शेजारी भाव पाडून मजुरांचे पैसे बुडवतो, त्याचे मात्र चांगले चालले आहे. कर्माचा सिद्धांत मग कुठे गेला? (निफाड तालुका)

आपण द्राक्षवाले आहात, तेव्हा आपल्याच बागेतून सांगू. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेलीवर घड दिसतात, पण ते घड ऑक्टोबरचे नसतात. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होऊन गेलेली असते. त्या दिवसांत ऊन कमी पडले, नत्र जास्त झाले, तर ऑक्टोबरनंतर कितीही खत घाला, घडाऐवजी बाळी, म्हणजे नुसता तणावा, निघते. आणि ज्या दिवसांत आपण यंदाचा माल विकण्याच्या गडबडीत असतो, त्यानंतर लगेच पुढच्या वर्षाचा घड ठरायला लागतो.

वेदान्तात कर्माचे तीन भाग आहेत ते असेच. संचित म्हणजे सगळ्या काड्यांच्या डोळ्यांत दडलेले. प्रारब्ध म्हणजे छाटणीत जे डोळे राखले आणि फुटले ते. त्यांचा घड आता येणारच. क्रियमाण म्हणजे आज आपण जे करतो आहोत, ज्याचा घड पुढे दिसेल. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे की ज्ञानाने नाश होतो तो ज्याचे फळ सुरू झालेले नाही अशा कर्माचा. फळ देऊ लागलेले भोगूनच संपते. शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दाखला देतात. दांडा काढून घेतला तरी मिळालेला वेग संपेपर्यंत चाक फिरतच राहते.

शेजाऱ्याबद्दल मनूचे उत्तर शेतकऱ्याला लगेच कळावे असे आहे. केलेला अधर्म जमिनीसारखा पेरल्याबरोबर फळत नाही. हळूहळू फिरून येतो आणि करणाऱ्याची मुळे कापतो. तेव्हा फुटव्यावरून अजून काही ठरत नाही. मात्र त्याची मुळे केव्हा कापली जातील याकडे डोळे लावून बसू नका. तेही क्रियमाणच आहे, आणि ते आपल्या काडीत साठते.

बाग गेली ती मागच्या जन्मीच्या पापाने, असे मात्र आम्ही म्हणणार नाही, आणि कोणी म्हणाले तर आपण ऐकून घेऊ नका. फळावरून कर्म ओळखण्याची रीत शास्त्राने कोणाच्या हाती दिलेली नाही. 'गहना कर्मणो गतिः' हे गीतेच्या चौथ्या अध्यायातले शब्द अशाच उतावळ्या निदानांसाठी आहेत. याज्ञवल्क्य तर सांगतात, एका चाकाने रथ चालत नाही, तसे पुरुषकाराशिवाय, म्हणजे माणसाच्या प्रयत्नाशिवाय, दैव सिद्ध होत नाही. पीकविम्याचा दावा वेळेत दाखल करणे, पंचनामा करून घेणे, पुढच्या हंगामात प्लास्टिक आच्छादनाचा हिशेब मांडणे, हे ते दुसरे चाक.

चांद्रायण व्रत करण्याची फार इच्छा आहे. नेमके कसे करतात? वय ५८, मधुमेह आहे. (गंगापूर रोड)

आधी व्रत समजून घ्या, मधुमेहाचे पुढे येते. चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवायचे आणि कमी करायचे, हे चांद्रायण. यवमध्य प्रकारात शुद्ध प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असे पौर्णिमेला पंधरा. मग वद्य प्रतिपदेला चौदा, उतरत चतुर्दशीला एक, अमावास्येला निराहार. जवाच्या दाण्यासारखे मध्ये फुगीर, म्हणून यवमध्य. पिपीलिकामध्य प्रकार वद्य प्रतिपदेला चौदा घासांनी सुरू होतो, अमावास्येला शून्यावर येतो आणि पौर्णिमेला पंधरावर संपतो. मुंगीच्या कमरेसारखा मध्ये बारीक. दोन्हींत महिन्याचे एकूण घास २२५.

घास केवढा? याज्ञवल्क्य मोराच्या अंड्याएवढा सांगतात, धर्मसूत्रकार गौतम म्हणतात तोंड वेडेवाकडे न होता मावेल एवढा. आज करणाऱ्याने गौतमांचे माप धरावे. अन्न हविष्य: भात, जव, मूग, दूध, तूप, सैंधव. दिवसातून एकदाच.

बिघडते ते बहुधा तिथीत. लोक इंग्रजी तारखा मोजतात, मग क्षयतिथी आली की हिशेब चुकतो. पंचांग समोर ठेवून सबंध महिन्याचा तक्ता आधीच लिहून काढावा. दुसरी चूक शेवटची: व्रत संपल्याच्या दिवशी पुरणपोळी. महिनाभर आकसलेल्या पोटाला ते सोसत नाही. पारणे पेजेने करावे आणि तीन-चार दिवसांत हळूहळू नेहमीच्या जेवणावर यावे.

आता आपला प्रश्न. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे व्रत करू नका. अमावास्येच्या मागच्या-पुढच्या दिवसांत साखर धोकादायक उतरेल, आणि औषध स्वतःच्या मनाने बंद केले तर चढेल. यतिचांद्रायण नावाचा सौम्य प्रकार आहे, रोज दुपारी आठ घास, महिन्याचे २४०. शिशुचांद्रायणात तेच चार सकाळी, चार संध्याकाळी. पण मधुमेह्याला हेही अपुरेच. आपल्यासाठी जपाचा पर्याय शास्त्रानेच दिला आहे, तो कमी प्रतीचा समजू नका. घासांचा नियम वाणीला लावता येतो: महिनाभर रोज ठरलेल्या वेळेत मौन, आणि कोणाच्या पाठीमागे त्याच्याबद्दल एक शब्द नाही. करून पाहा, पंधरा घासांपेक्षा अवघड आहे.

मुलाचे लग्न जमत नाही. पणजोबांनी साप मारला होता, म्हणून नारायण-नागबळी केल्याशिवाय सुटका नाही, असे एकाने सांगितले. कर्ज काढून करावे का? (सिन्नर)

कर्ज काढून करू नका.

नारायणबळी आणि नागबळी हे दोन वेगळे विधी आहेत, त्र्यंबकेश्वरी ते जोडून तीन दिवसांत होतात. नारायणबळी अपमृत्यू आलेल्यांच्या सद्गतीसाठी: अपघात, आत्महत्या, बुडून किंवा जळून आलेला मृत्यू. नागबळी सर्पहत्येच्या दोषासाठी. त्यात पिठाचा नाग करून त्याचा अंत्यसंस्कार करतात. कुशावर्तावर स्नान, नवी पांढरी वस्त्रे, पिंडदान, नंतर सुवर्णनागाचे पूजन आणि दान, असा क्रम असतो. घरात खरोखर असा मृत्यू झाला असेल आणि त्या माणसासाठी काही करायचे राहिले अशी टोचणी असेल, तर हा विधी मनाला मोठा आधार देतो. श्रद्धेने, ऐपतीत करावा. पैसे, साहित्य, दक्षिणा आधी बोलून घ्यावी, त्यात संकोच नको.

पण पणजोबांचे कर्म पणतूच्या लग्नाला आडवे येते, याला आधार कोणता? 'एकोऽनुभुङ्क्ते सुकृतमेक एव च दुष्कृतम्', आपले बरे-वाईट एकट्यानेच भोगायचे, असे मनूच्या चौथ्या अध्यायात आहे. पूर्वजांचे आपण देणे लागतो ते ऋण, तो दंड नव्हे. श्राद्धपक्षात तिथीला केलेल्या श्राद्धाने ते फिटते. भीती घालून सांगितलेला विधी आणि ऋण म्हणून केलेला विधी दिसायला सारखेच असतात; फरक करणाऱ्याच्या मनात असतो, आणि फळ मनाला लागते.

आई शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळून होती. मी चिडचिड केली, वाटेल ते बोललो. आता ती नाही. क्षमा कोणाकडे मागू? (नाशिकरोड)

ज्याच्याकडे मागायची ते माणूस उरले नाही, हे दुःख कोणत्याही व्रताने हलके होईल असे आम्ही म्हणत नाही. तरी करण्यासारखे पुष्कळ आहे.

वडीलही हयात नसतील तर अमावास्येला तर्पण करा. दक्षिणेकडे तोंड, जानवे असल्यास अपसव्य (उजव्या खांद्यावर), ओंजळीतले तीळमिश्रित पाणी अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून सोडायचे. आईचे गोत्र आणि नाव घेऊन 'स्वधा नमस्तर्पयामि', तीन ओंजळी. ओंजळ सोडण्याआधी मराठीतच, आपल्या शब्दांत, जे म्हणायचे राहिले ते म्हणा. वडील हयात असतील तर नित्य तर्पणाचा अधिकार नसतो; आईच्या तिथीचे श्राद्ध मात्र करता येते. कसे, ते आपल्या पुरोहितांना विचारा.

रोजच्या संध्येत एक फार सुंदर मंत्र आहे. सकाळी म्हणायचे, रात्री मी मनाने, वाचेने, हातांनी, पायांनी, पोटाने जे पाप केले ते रात्रीने काढून टाकावे. संध्याकाळी तेच दिवसाबद्दल. संध्या करत नसलात तरी हा क्रम घ्या. झोपण्याआधी वाचेपाशी थांबा: आज कोणाला तोडून बोललो? तो माणूस घरात असेल तर तेव्हाच उठून जा, उद्यावर ठेवू नका. आईच्या वेळी जे जमले नाही ते एखाद्या जिवंत म्हाताऱ्या माणसासाठी करा, आठवड्यातून दोन तास, ठरलेल्या वारी. सुरुवातीला तिथेही आपली चिडचिड होईल. तिथेच पतंजलींचे 'प्रतिपक्षभावन' लागते: राग येताना त्याच्या विरुद्ध भाव जाणून मनात आणणे.

आणि स्वतःला पापी म्हणत बसणे ही साधना समजू नका. अत्यंत दुराचारी माणूसही अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावे, असे गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत सांगतात. लगेच पुढच्या श्लोकात 'क्षिप्रं भवति धर्मात्मा' असे आहे. क्षिप्रं, म्हणजे लवकर. झोप, भूक उडाली असेल, जगण्यात राम वाटत नसेल आणि दोन आठवडे हे असेच चालले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तर्पण आणि औषध एकमेकांच्या आड येत नाहीत.

खालच्या मानलेल्या जातीत जन्म हे पूर्वकर्माचे फळ, असे आमच्याकडे एका प्रवचनात ऐकले. मग काळाराम मंदिराचे दार बंद ठेवणारे बरोबर होते का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नाशिक)

नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा त्यांना करावी लागली.

जन्म, आयुष्य आणि भोग हे कर्माशयाचे, म्हणजे साठलेल्या कर्मसंस्कारांचे, फळ, असे योगसूत्रांत आहे, आणि जुन्या ग्रंथांनी ते जातीला लावलेही आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कर्मविचार उपयोगी पडतो तो 'मी आता काय करू' या प्रश्नाला. दुसऱ्याकडे बोट दाखवून 'हे तुझे प्रारब्ध' म्हणणारा त्या क्षणी स्वतःचे क्रियमाण रचत असतो. ज्यांनी दार लावले त्यांनी अनेकांच्या प्रारब्धाचा निवाडा केला आणि आपल्या हाताकडे पाहिले नाही. प्रायश्चित्त हा शब्द एखाद्या समाजालाही लागू पडत असेल, तर वर सिडकोच्या वाचकाला सांगितलेला क्रम तिथेही तोच आहे: उघड कबूल करणे, घेतलेले परत देणे, पुन्हा न करणे.

मी कारखान्यात पाळीवर काम करते. सोवळे, व्रते जमत नाहीत. नुसते नामस्मरण चालेल का? (सातपूर)

चालेल, आणि 'नुसते' म्हणू नका. टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षे जी तपश्चर्या केली, तिचा गाभा 'श्रीराम जय राम जय जय राम' या तेरा अक्षरांचा जप हाच होता, असे परंपरा सांगते. त्याला सोवळे लागत नाही, स्त्री-पुरुष भेद नाही. सावकाश म्हटले तर एक माळ पाच-सहा मिनिटांत होते. रोज दोन माळा धरा. पाळी बदलली तरी वेळ 'झोपून उठल्यावर पहिली' अशी ठरवा, घड्याळाची नको. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने ओढायची, तर्जनी लावायची नाही. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. बसमध्ये माळ नको, ओठ हलतील न हलतील असा उपांशु जप करा. मानसजप त्याहून श्रेष्ठ म्हटला आहे, पण दमलेल्या अंगाने मानसजप केला की झोप लागते. मन भटकले म्हणून माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करू नका, त्याच मण्यावरून पुढे जा.

एका गोष्टीपासून मात्र सावध राहा. नामाच्या बळावर पाप करणे हा पद्मपुराणात नामापराध म्हटला आहे. अजामिळाची कथा सांगताना मरतेवेळी 'नारायण' नावाच्या मुलाला हाक मारली आणि सुटला, एवढेच सांगतात. भागवतात कथा तिथे संपत नाही. यमदूत गेल्यावर अजामिळ वाचला, पश्चात्तापाने घर सोडून गंगाद्वारी गेला आणि तिथे त्याने साधना केली, मुक्ती त्यानंतरची.

घरात झुरळांची फवारणी, दळण, झाडलोट यांत जीव मरतात. त्याचे पाप लागते का? (इंदिरानगर)

लागते, आणि त्याची सोयही सांगितली आहे. चूल, जाते किंवा पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा माठ यांना मनू 'पंचसूना' म्हणतो, घरातली पाच हिंसास्थाने. त्यांसाठी रोजचे पाच यज्ञ: स्वाध्याय, पितरांचे तर्पण, देवापुढे आहुती किंवा नैवेद्य, पक्षी-प्राण्यांसाठी काढलेला घास, आणि दारी आलेल्याला अन्न. सकाळी पहिली पोळी बाजूला काढलीत, वाटीभर पाणी गच्चीवर ठेवलेत आणि दहा ओळी वाचल्यात, तर त्यातले दोन स्वयंपाक संपायच्या आत होतात. फवारणी मात्र दर महिन्याला सवयीने करू नका. मोरीची जाळी आणि ओट्यामागची फट बुजवली तर तिची गरजच कमी पडते.